चार प्रकारचे जर आणि एक कुलूप

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही सूनबाईनं दिली. म्हणाली, "बाबा, रोज थोडं लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, हात लिहिता राहिला पाहिजे." एकतीस वर्षं हातात पाना धरलेला. पेन धरलं की बोटांना वाटतं, हे काय काडीसारखं दिलंय आपल्याला! पण आता इलाज नाही.

झालं असं, की आज साहेबांनी आम्हा जुन्या लिफ्ट मिस्त्र्यांना केबिनमध्ये बोलावलं. नव्या लिफ्ट येणार, त्यांचं पुस्तक इंग्रजीत. म्हणून २७ तारखेला सगळ्यांची इंग्रजीची लेखी परीक्षा. साठ मार्कांची, पस्तीसला पास. नापास होईल त्याला लिफ्टच्या रजिस्टरवर सही करता येणार नाही. त्यानं गोदामात बसायचं आणि खोकी मोजायची. "काका, वाईट वाटून घेऊ नका," साहेब म्हणाले. माझा पाना त्यांच्यापेक्षा वयानं मोठा आहे.

वाईट वाटून घेऊ नका म्हणे. मी सही केली की लोक त्या पेटीत पोराबाळांसकट निर्धास्त चढतात. ती सही गेली तर माझ्याकडे राहिलं काय? ही असती तर म्हणाली असती, एवढं तोंड पाडून बसायला काय झालं? पण ही नाही.

आणि आमच्या घराला लिफ्ट नाही. तिसरा मजला, बासष्ट पायऱ्या. लोक हसतात. हसू देत.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पुस्तक उघडलं आणि डोळे फिरले. सगळी वाक्यं 'इफ'नं सुरू. इफ हे झालं, इफ ते झालं. कामाच्या पुस्तकात एवढी शंका कशाला?

सूनबाई हसली. म्हणाली, "बाबा, हे तर माझं रोजचं काम होतं." तेव्हा आठवलं. लग्नानंतर चार वर्षं ती एका ऑफिसात होती. कपडे धुण्याचं मशीन घेतलं की सोबत जी पुस्तिका येते, ती लिहायचं काम. लाल दिवा लागला तर बटण बंद करा, पाणी साचलं तर नळी तपासा. लोक ती पुस्तिका न वाचता खणात टाकतात, असं मी एकदा म्हटलं होतं. ती म्हणाली होती, मशीन बंद पडलं की सगळे त्याच खणाकडे धावतात.

नंतर ही आजारी पडली. मुलाला रेल्वेत गार्डाची नोकरी, चार दिवस घरी तर चार दिवस बाहेर. मग मीच सूनबाईला म्हटलं, "पोरी, ही बरी होईपर्यंत थोडे दिवस घरी थांब." दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आली. एका शब्दानं बोलली नाही. गुणाची पोर.

आज दोन प्रकार झाले. पहिला नेहमीचा: बटण दाबलं की लिफ्ट येते. इफ यू प्रेस द बटन, द लिफ्ट कम्स. कुणीही दाबा, कधीही दाबा, येणारच. (माझी सही असेल तर.) दुसरा होण्यासारखा: दोर झिजला तर बदलावा लागेल. झिजेल किंवा नाही झिजणार, पण झिजू शकतो. हे मला पटलं. यात माझा सगळा धंदा आला.

रविवार, ९ फेब्रुवारी

तिसरा प्रकार म्हणजे शुद्ध चक्रमपणा आहे. जे नाहीच, त्याच्याबद्दल बोलायचं. मी साहेब असतो तर परीक्षा रद्द केली असती, वगैरे. बरं, गोष्ट आजची आणि क्रियापद कालचं!

सूनबाईनं उदाहरण दिलं, "इफ आय हॅड अ जॉब, आय वुड लीव्ह होम ॲट एट." माझी नोकरी असती तर मी आठला घराबाहेर पडले असते.

मी म्हटलं, "चूक. हॅड म्हणजे होती. तुझी नोकरी होतीच की."

ती म्हणाली, "बाबा, इथे हॅड म्हणजे होती असं नाही. हॅड म्हणजे नाहीये."

मी डोक्याला हात लावला. या इंग्रजांना सरळ बोलता येत नाही. मग तिनं दहा वाक्यं लिहून दिली, पाठ करायला. माझं स्वतःचं टेबल असतं तर खिडकीशी ठेवलं असतं. मला डबा न्यावा लागला असता तर आदल्या रात्री भरून ठेवला असता. सगळ्या दहाही वाक्यांत ऑफिस. जरा बाजाराबद्दल, सिनेमाबद्दल लिहावं की नाही? मुलाला दाखवली. तो वाचून म्हणाला, "बाबा, तिच्याशी एकदा नीट बोला." मी म्हटलं, रोज तासभर बोलतोच आहे, तेही इंग्रजीत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज कामावर गंमत. माझा जोडीदार, त्याला आम्ही बोल्ट म्हणतो, कारण एकदा बसला की हलत नाही, तो एका दवाखान्याच्या लिफ्टवर काम करत होता. आमचा नियम असा: शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, शिरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं, वर लाल टॅग लावायचा. टॅगवर नाव, वेळ, कारण. किल्ली आपल्या खिशात. आत माणूस असताना बाहेर कुणी वीज चालू केली तर तो मेलाच. म्हणून ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ते काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो कंपनीचा मालक का असेना.

तर बोल्ट काम संपवून चहाला गेला, कुलूप तसंच. साहेब आले, घाईत. मला म्हणाले, "काका, दुसरी किल्ली असेल तर काढा ना, काम झालंय दिसतंय."

मी म्हटलं, "दिसतंय तुम्हाला. त्यानं सांगितलंय का? तो सांगेपर्यंत झालं नाही." साहेब वीस मिनिटं उभे. मला मनातून लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नंतर बोल्टला मात्र चांगलं झापलं. कुलूप लावणं सोपं आहे. काढायची आठवण ठेवणं, ते खरं काम.

रविवार, १६ फेब्रुवारी

उजळणी. सूनबाईचं आज लक्ष नव्हतं. तिसऱ्या प्रकारातलं वाक्य विचारलं तर म्हणाली, "इफ दे कॉल मी अगेन, आय विल..." आणि थांबली. त्यांनी मला परत बोलावलं तर मी... मी लगेच पकडलं. "हा दुसरा प्रकार झाला! होण्यासारखा! मास्तरीणबाई चुकल्या!" मला एवढा आनंद झाला, की खुर्चीवरून उठून उभा राहिलो. ती पण हसली, पण गाल लाल झाले. चूक पकडली की कुणालाही लागतंच.

दुपारी तिनं कपाटातला निळा कुर्ता काढून इस्त्री केली. कुठे जायचंय विचारलं तर म्हणाली, कुठे नाही, उगाच.

बुधवार, १९ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते. पण वही माझी आहे, लिहिणार.

सकाळी दहा मजली इमारतीत ब्रेक बसवायला गेलो. कुलूप, टॅग, सगळं रीतसर. आत काम करताना तोंडानं वाक्यं चालू. अकराला काम संपलं. बाहेर आलो, हात पुसले, वाक्यं चालूच, आणि निघालो. दुसऱ्या इमारतीत चार वाजता चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला तर हाताला किल्ली लागली.

तसाच पळत परत. लिफ्ट सकाळपासून ठणठणीत, आणि माझ्या कुलपानं बंद. वॉचमन म्हणाला, "मिस्त्री, तुमचं कुलूप. आम्ही कसं काढणार?" बरोबरच बोलला. आम्हीच शिकवलंय त्यांना.

खाली बाकावर सातव्या मजल्यावरच्या आजी बसल्या होत्या. गुडघे गेलेले. अकराला औषधं घेऊन आल्या आणि पाच तास तिथंच. मांडीवर औषधांची पिशवी. मी म्हटलं, "आजी, कुणाकडून फोन करवायचा, ओरडायचं, शिव्या द्यायच्या!"

त्या म्हणाल्या, "अरे, ते लाल लावलेलं होतं ना. मला वाटलं तुझं काम अजून चाललंय. तू सांगशीलच झालं की. मधेच हाक कशाला मारायची, म्हटलं."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्यांना वर पोचवलं. आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, काम पूर्ण चार वाजून दहा. म्हणजे दिवसभर काम चाललं होतं असं वाटावं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा खोटी वेळ लिहिली. परीक्षा आठ दिवसांवर आणि आत्ता हे कळलं, तर साहेब परीक्षेला बसूसुद्धा देणार नाहीत. म्हणून लिहिली. भ्यालो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

बोल्टला सांगितलं. मला वाटलं, हसेल. हसला नाही. म्हणाला, "मला किती बोलला होतास." एवढंच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चौथा प्रकार. सगळ्यात वाईट. जे व्हायचं ते होऊन गेलं, आता काही बदलत नाही, तरी बोलायचं. लक्षात ठेवलं असतं तर. विचारलं असतं तर. मी म्हटलं, याचा उपयोग काय? लिफ्ट पडल्यावर दोर तपासायचा!

सूनबाई म्हणाली, "उपयोग नाही, बाबा. पण माणसं हेच सगळ्यात जास्त बोलतात. मनातल्या मनात."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गॅलरीत गेली. मला ऐकू आलं, "नाही हो. मनापासून आभार, पण नाही जमणार. घरी जबाबदारी आहे." हे विकणारे लोक हल्ली फारच मागे लागतात. बरं झालं, पोर नाही म्हणायला शिकली. पूर्वी तिला जमायचं नाही.

परत आली आणि वहीत उदाहरण लिहिलं: इफ आय हॅड सेड येस, आय वुड हॅव स्टार्टेड ऑन मंडे. मी हो म्हटलं असतं, तर सोमवारपासून सुरुवात केली असती. मी चार वेळा घोकलं. मग ती म्हणाली डोकं दुखतंय, आज पुरे.

डोकेदुखीची गोळी दिली. माझी परीक्षा आणि हिलाच ताण.

बुधवार, २६ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. मुलगा ड्यूटीवरून आला, त्यानं माझी पेनं तपासली, त्याच्या लहानपणी मी त्याची तपासायचो तशी. हसावं की रडावं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सगळं नीट लिहून ठेवतो.

परीक्षेची खोली म्हणजे कॅन्टीनच, टेबलं लांब लांब केलेली. पुढे बोल्ट, त्याच्या मानेवर घाम. पहिले पाच प्रश्न बरे गेले. जोड्या लावा, गाळलेल्या जागा. लाल दिवा लागला तर, दार अडकलं तर. हे मला झोपेतही येतं.

शेवटचा प्रश्न पंधरा मार्कांचा. कामावरची एखादी खरी घटना लिहा, जी वेगळी घडू शकली असती. चौथा प्रकार वापरा.

मी एक सोपी घटना तयार करून आलो होतो. पाऊस, छत्री, मी भिजलो. सूनबाईनं तपासून दिलेली. पेन टेकवलं आणि छत्री काही केल्या आठवेना. डोळ्यांपुढे आजी आणि ती पिशवी. मग म्हटलं, खरी घटना मागितलीये ना, घ्या. लिहिलं. मी कुलूप विसरलो. मी लक्षात ठेवलं असतं तर आजी पाच तास बसल्या नसत्या. त्यांनी हाक मारली असती तर मी आलो असतो. पण त्यांनी हाक मारली नाही, कारण त्यांना वाटलं माझं काम अजून संपलेलं नाही. आणि मी रजिस्टरमध्ये खोटी वेळ लिहिली, तेही लिहून टाकलं. सुटलो एकदाचा.

मग पुन्हा वाचलं. त्यांना वाटलं माझं काम अजून संपलेलं नाही. हे वाक्य वाचताना आजी दिसेनात. आमचं स्वयंपाकघर दिसलं. सूनबाई ओट्याशी उभी, आणि मी म्हणतोय, थोडे दिवस घरी थांब.

थोडे दिवस. ही बरी होईपर्यंत. ही बरी झाली नाही. ही जाऊन चौदा महिने झाले, आणि मी त्या पोरीला आजपर्यंत सांगितलं नाही की बाई, झालं. मीच थांब म्हटलं होतं. आठ वाजताचं घर सोडणं, खिडकीशी टेबल, निळा कुर्ता, सोमवार. कुणी काही विकत नव्हतं. मूर्खा, तुला रोज तासभर स्पष्ट इंग्रजीत सांगत होती ती!

परीक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, वेळ संपली." मी पेपर देऊन टाकला. पुढचं एक वाक्य अर्धंच राहिलं.

घरी आलो तर सूनबाई जेवायला गेली होती तिच्या मैत्रिणीकडे. मुलाला विचारलं. तो म्हणाला, "दोन आठवड्यांपूर्वी तिच्या जुन्या ऑफिसचा फोन आला होता. मी म्हटलं, जा. ती म्हणाली, थांबायला बाबांनी सांगितलं होतं. आता जा, हेही त्यांनीच म्हणायला हवं. नाहीतर त्यांना वाटेल, आई गेली आणि ही मोकळी झाली."

मला रडू आलं, लपवत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी कामाच्या पिशवीतून एक कोरा लाल टॅग काढला. इंग्रजीत छापलेला, म्हणून इंग्रजीतच भरला. कुलूप कुणी लावलं: मी. कधी: दोन वर्षं पाच महिन्यांपूर्वी. कारण: हिचं आजारपण. काम कधी संपलं: चौदा महिन्यांपूर्वी. कुलूप कधी काढलं: आज. उशिराचं कारण या ओळीपाशी अडलो. मग लिहिलं, विसरलो.

सूनबाईच्या चहाच्या कपाखाली ठेवला.

तिनं कप उचलला. वाचला. पुन्हा वाचला. मग गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. मी दारात उभा, नापास झालेल्या पोरासारखा.

"बाबा, मी सोमवारी त्यांना नाही सांगून बसले."

"माहीत आहे. मी ऐकलं. मला वाटलं कुणी गाद्या विकतंय."

ती हसली आणि हसता हसता रडली. मी म्हटलं, "पोरी, तू हिचं इतकं केलंस, माझ्या हातून नसतं झालं. ते मी कधी बोललो नाही. आता बोलतो. आणि ते काम संपलं. केव्हाच संपलं. आता तू लाव त्यांना फोन."

"लाज वाटते हो."

"लाजायचं मी. तू फोन कर."

गॅलरीत गेली. दार अर्धं उघडं. मी भांडी घासायला घेतली, म्हणजे मी ऐकत नाही असं वाटावं. एक कप फोडला. आत आली तेव्हा म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी विचारलंय म्हणाले. तरी सोमवारी भेटायला या म्हणाले. नक्की काही नाही."

"म्हणजे दुसरा प्रकार," मी म्हटलं. "होण्यासारखा."

तिनं टेबलावरचं लाल पेन उचललं, टॅगवर एक चूक होती ती दुरुस्त केली आणि कोपऱ्यात मार्क दिले. दहापैकी दहा. चूक असताना पैकीच्या पैकी कसे, विचारलं नाही. टॅग या वहीत ठेवलाय.

शनिवार, ८ मार्च

काल पाकीट मिळालं. आत दोन कागद. पहिल्यावर, साठपैकी एकेचाळीस, उत्तीर्ण. दुसरा मेमो. १९ तारखेला कुलूप विसरणं आणि रजिस्टरमध्ये खोटी वेळ लिहिणं, याबद्दल सक्त ताकीद, आणि तीन महिने माझ्या सहीखाली दुसऱ्या मिस्त्र्याची सही लागेल. पुरावा म्हणून माझीच उत्तरपत्रिका जोडलेली. साहेब म्हणाले, "काका, छत्रीबद्दल लिहिलं असतंत तर?" मी म्हटलं, चौथा प्रकार आहे हा साहेब, उपयोग नाही.

सही गेली नाही. खाली बोल्टची येईल, बस्स. त्याला छत्तीस मिळाले. आता तीन महिने तो मला विचारणार, काय रे, किल्ली खिशात आहे का?

आजींना भेटून आलो. त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी हाक मारा. त्या म्हणाल्या, बरं.

सोमवार, १० मार्च

सूनबाई आज कामाला लागली. गेल्या सोमवारी भेटून आली, बुधवारी होकार आला. दोन दिवस मी तिच्याहून जास्त नाचलो.

तिनं डबा रात्रीच भरून ठेवला होता. माझा मी भरला. मीठ विसरलो, ते दुपारी कळलं. निळा कुर्ता घातला होता. मला वाटलं जाताना काहीतरी मोठं बोलावं, पण ती म्हणाली, "बाबा, गॅस बंद करायला विसरू नका." मी म्हटलं, जा तू. तो शब्द पुन्हा एकदा मुद्दाम म्हटला, जा.

बरोबर आठला दार लागलं. आमच्या घराला लिफ्ट नाही, म्हणून तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली. मी मोजली. बासष्ट.